लाँग रूममधली पंगत

न्यूयॉर्कच्या अगदी दक्षिण टोकाला, पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर, काचेच्या उंच इमारतींच्या गराड्यात विटांचं एक बुटकं घर उभं आहे. खाली खाणंपिणं चालतं, वर संग्रहालय आहे. फ्रॉन्सेस टॅव्हर्न हे त्याचं नाव. ४ डिसेंबर १७८३ रोजी दुपारी बाराच्या सुमाराला या घराच्या वरच्या मजल्यावरच्या लांबट दालनात, लाँग रूममध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन आला तेव्हा त्याचे मोजके अधिकारी आधीच जमले होते. आठ वर्षांचं युद्ध संपलं होतं. इंग्रजी फौजेने नऊच दिवसांपूर्वी शहर सोडलं होतं. वॉशिंग्टनने पेला भरला, सोबत्यांचे पुढचे दिवस सुखाचे जावोत अशी इच्छा बोलून दाखवली आणि सगळे प्यायले. मग तो म्हणाला, मला एकेकापर्यंत येता यायचं नाही, तुम्हीच येऊन माझा हात हातात घ्या. सर्वांत जवळ हेन्री नॉक्स उभा होता. वॉशिंग्टनने हात पुढे केला, पण ते हस्तांदोलनावर थांबलं नाही. त्याने नॉक्सला मिठी मारली, त्याचं चुंबन घेतलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मग एकेक जण पुढे येत गेला. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने सेनापती खाली उतरला, व्हाइटहॉलच्या धक्क्यावर गेला, होडीत बसला आणि पुढे ॲनापोलिसला जाऊन २३ डिसेंबरला त्याने सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हवाली केला.

हे सारं इतक्या बारकाईने आपल्याला ठाऊक आहे ते बेंजामिन टॉलमॅज या अधिकाऱ्यामुळे. युद्धकाळात वॉशिंग्टनसाठी हेरांचं जाळं चालवणारा हा माणूस त्या दुपारी २९ वर्षांचा होता. त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात आठवणी लिहून ठेवल्या. शंभर वर्षांनी, ४ डिसेंबर १८८३ रोजी, जॉन ऑस्टिन स्टीव्हन्सच्या पुढाकाराने काही मंडळी याच घरात जेवायला जमली आणि त्या जेवणातून ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ ही संस्था रीतसर उभी राहिली. क्रांतियुद्धात काम केलेल्या कुणाचा तरी वंशज असणं ही सभासदत्वाची अट. एव्हाना मूळ घर आगींनी आणि वरून चढवलेल्या मजल्यांनी ओळखू न येण्याइतकं बदललं होतं आणि ते पाडण्याचं घाटत होतं. १९०४ साली संस्थेने ते विकत घेतलं. पैसा आला तो संस्थेचा दिवंगत अध्यक्ष फ्रेडरिक सॅम्युअल टॉलमॅज याच्या मृत्युपत्रातून. हा त्या बेंजामिन टॉलमॅजचा नातू. आजोबाने दालनातला प्रसंग शब्दांत राखला, नातवाने दालन राखलं. वास्तुरचनाकार विल्यम मर्सेरो याने वाढीव मजले उतरवून १९०७ पर्यंत घराला अठराव्या शतकाचं रूप दिलं. मूळ आराखडे हाती नव्हते, त्यामुळे त्यातलं बरंच काही अंदाजाने बांधलेलं आहे. तरीही मला हे काम मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कने जुनं किती पाडलं याचा हिशेब केला की एवढा एक कोपरा उभा राहिला हेच पुष्कळ.

अमेरिकेत अशा वंशजांच्या संस्था एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भराभर निघाल्या. ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ १८८९ ची, ‘डॉटर्स’ १८९० ची. त्याच सुमाराला बोटींतून इटली, पोलंड, रशियातली माणसं लाखांनी उतरत होती. एलिस बेट १८९२ मध्ये सुरू झालं. ‘आम्ही आधीपासूनचे’ हे सांगण्याची निकड तेव्हाची. या संस्था आजही दुपारची जेवणं घालतात आणि शक्य तिथे जुन्या टॅव्हर्नमध्येच घालतात. जागेची ही निवड इतिहासाला धरून आहे. अमेरिकेचं स्वातंत्र्य फार मोठ्या प्रमाणात जेवणाच्या टेबलांवरच ठरलं. पण त्या टेबलांवर कोण बसलं आणि कुणाला बसू दिलं नाही, हे सांगितल्याशिवाय टॅव्हर्नची गोष्ट पुरी होत नाही.

आधी टॅव्हर्न म्हणजे काय ते पाहू. वसाहतींतल्या माणसाला तिथे जेवण मिळे, दारू मिळे, रात्रीपुरती गादी आणि घोड्याला दाणावैरण मिळे. त्याखेरीज लिलाव तिथे, फिरत्या न्यायालयाची बैठक तिथे, लष्करी कवायतीनंतरचा घसा ओला करणं तिथे, वर्तमानपत्राचं मोठ्याने वाचन तिथे. टपालही तिथेच. मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने, म्हणजे विधिमंडळाने, १६३९ मध्ये समुद्रापलीकडून येणारी-जाणारी पत्रं ठेवायची अधिकृत जागा म्हणून बॉस्टनच्या रिचर्ड फेअरबँक्सच्या घराची नेमणूक केली, आणि तिथे दारू मिळत असे. प्युरिटन लोक करडे, पण टॅव्हर्नशिवाय गाव चालत नाही हे त्यांनीच कायद्यात लिहिलं: १६५६ च्या आदेशानुसार प्रत्येक गावाला अशी एक जागा राखणं भाग होतं, नाही तर दंड. कारण साधं होतं. वाटसरूला रात्री कुठे टेकायचं? रविवारी प्रार्थनागृहात शेगडी नसे; दोन प्रवचनांच्या मधल्या वेळात कुडकुडणारी माणसं शेजारच्या टॅव्हर्नच्या विस्तवापाशीच येत.

जागा हवी, पण ताब्यात हवी. परवाना काउंटीचं न्यायालय किंवा गावचे पंच देत आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. व्हर्जिनियात तर जेवण, बिछाना, वैरण, रम, वाइन या प्रत्येकाचा दर न्यायालयच ठरवी आणि तो तक्ता दर्शनी भागात लावावा लागे. १६४५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने नियम केला की एका बैठकीत माणशी अर्ध्या पाइंटहून जास्त वाइन नको, अर्ध्या तासाहून जास्त वेळ पीत बसायचं नाही, रात्री नऊनंतर तर नाहीच. हे नियम किती पाळले गेले ते वेगळं सांगायला नको. परवाने देताना अधिकारी विधवांचा विचार करीत, कारण परवाना दिला की त्यांचा आणि पोरांचा भार गावावर पडत नसे. त्यामुळे बॉस्टनसारख्या शहरात टॅव्हर्न चालवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. मतदानापासून लांब ठेवलेल्या बाईच्या हाती शहराच्या बातम्यांची नाडी अशी आली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत हवी तितकी ठळक येत नाही.

आतलं दृश्य पाहायचं तर ‘फ्लिप’ कसं करत ते पाहावं. मातीचा किंवा कथिलाचा मोठा मग दोन-तृतीयांश भरेल एवढी कडक बिअर, त्यात काकवी किंवा साखर, वरून न्यू इंग्लंडची रम. चुलीच्या निखाऱ्यात लोखंडाची एक जाड सळई लालबुंद होईस्तोवर तापत ठेवलेली असे. ती उचलून मगमध्ये बुडवली की चर्रर्र आवाज होई, फेस उसळून काठावर येई आणि करपलेल्या साखरेचा कडवट वास खोलीभर पसरे. हिवाळ्यात घोड्यावरून उतरलेल्या माणसाला याहून दुसरं काय हवं होतं!

प्रतिष्ठितांच्या टॅव्हर्नमध्ये पंच चाले, मोठ्या वाडग्यात, हातोहात फिरणारा. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला यांचं हे पेय सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून विलायतेला नेलं, आणि गोव्याच्या अराक या दारूला त्यात फार मान होता. तिथून अटलांटिक ओलांडल्यावर अराकेची जागा बहुतेक ठिकाणी रमने घेतली. १७७० च्या सुमाराला या वसाहतींत रमच्या १४० च्या वर भट्ट्या होत्या. त्यांना लागणारी काकवी कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून येई, तो ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तोडत, आणि ऱ्होड आयलंडची रम जहाजात भरून पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी माणसं विकत घ्यायला जाई. फ्लिपच्या मगमध्ये हेही होतं.

प्रवाशांनी या जागांबद्दल लिहून ठेवलेलं वाचताना फार जवळचं वाटतं. सेरा केंबल नाइट ही बॉस्टनची कर्ती बाई ऑक्टोबर १७०४ मध्ये घोड्यावर बसून न्यूयॉर्कला निघाली. रस्ते धड नव्हते, नद्यांवर पूल नव्हते. एका ठिकाणी पुढ्यात आलेल्या कोबीचा रंग पाहून तिला वाटलं की बाईने हे कापड रंगवायच्या भांड्यातच शिजवलं असणार. दुसऱ्या ठिकाणी शेजारच्या खोलीतले पिणारे रात्रभर एका जागेच्या नावावरून वाद घालत बसले. झोप लागेना, तेव्हा हिने मेणबत्तीच्या उजेडात रमलाच उद्देशून चार ओळी रचल्या. पुढे ती कनेटिकटमध्ये स्वतःच टॅव्हर्न चालवू लागली.

चाळीस वर्षांनी, १७४४ मध्ये, ॲनापोलिसचा स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर हॅमिल्टन (हा पुढचा अर्थमंत्री नव्हे) प्रकृतीसाठी हवापालट म्हणून उत्तरेला फिरला. फिलाडेल्फियातल्या एका टॅव्हर्नमध्ये तो पंचवीस जणांबरोबर जेवायला बसला. त्याने टेबलाची जणू शिरगणतीच केली आहे: स्कॉट, इंग्रज, डच, जर्मन, आयरिश, कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, मेथडिस्ट, मोरेव्हियन आणि एक ज्यू. युरोपात ज्यांच्या आजोबांनी धर्मावरून एकमेकांची घरं जाळली, ते इथे एकाच लांब टेबलावर मांस वाढून घेत होते. कोण कुणाशेजारी बसेल ते टॅव्हर्नवाला ठरवी, रोजच्या गर्दीत तेही कुणी ठरवत नसे. भेदांची इतकी सरमिसळ त्या समाजात दुसरीकडे क्वचितच होई.

रात्री तर अनोळखी माणसाबरोबर एकाच पलंगावर झोपावं लागे. सप्टेंबर १७७६ मध्ये, स्वातंत्र्याचा जाहीरनामा होऊन दोन महिने झाले असताना, जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिन हे वसाहतींचे पुढारी इंग्रज सेनानी हाऊशी बोलणी करायला निघाले होते. न्यू ब्रन्स्विकला टॅव्हर्न भरलेल्या. दोघांना मिळून एक लहानशी खोली, एक पलंग, एक खिडकी. ॲडम्सने खिडकी लावली. बाहेरच्या हवेने सर्दी होईल याची त्याला धास्ती. फ्रँकलिन म्हणाला, उघडा, बंद खोलीतलीच हवा वाईट, आणि सर्दी कशाने होते यावर त्याने अंधारात व्याख्यान सुरू केलं. खिडकी उघडी राहिली आणि ऐकता ऐकता ॲडम्सला झोप लागली.

याच ॲडम्सने तरुणपणी टॅव्हर्नविरुद्ध मोहीम काढली होती. १७६० च्या सुमाराला आपल्या ब्रेनट्री गावातल्या टॅव्हर्नची संख्या त्याला कमी करायची होती. त्याचा राग दारूवर होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं. टॅव्हर्नवाल्याचे मिंधे झालेले लोक त्याच्या सांगण्यावरून मतं देतात आणि विधिमंडळात जाणारी माणसं अशा जागी तयार होतात, हे त्याला खुपत होतं. निरीक्षण चुकीचं नव्हतं. १७५८ मध्ये फ्रेडरिक काउंटीतून व्हर्जिनियाच्या विधिमंडळात निवडून येताना तरुण वॉशिंग्टनच्या माणसांनी ३९१ मतदारांना सुमारे १६० गॅलन रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर पाजल्याची नोंद आहे. ॲडम्सची मोहीम फसली.

मग १७७४ उजाडलं. जुलै महिन्यात ॲडम्स घोड्यावरून पस्तीस मैल तुडवून एका टॅव्हर्नमध्ये उतरला आणि त्याने मालकिणीला विचारलं, चोरट्या मार्गाने का होईना, पण जकात न भरता आलेला चहा थकल्या माणसाला मिळेल का? बाई म्हणाली, आमच्याकडे चहा सोडलाय, कॉफी करून देते. त्यानंतर तो रोज दुपारी कॉफी पीत राहिला आणि पत्नीला लिहिलेल्या पत्रात म्हणाला की आपल्यालाही चहाची सवय मोडली पाहिजे. त्याच सुमारास एका गावच्या टॅव्हर्नमध्ये विस्तवाशी बसलेल्या शेतकऱ्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. बॉस्टनच्या बड्या व्यापाऱ्यांचे धक्के पार्लमेंट काढून घेऊ शकते, तर उद्या तुझं कोठार आणि माझं घर का नाही घेणार, असं त्यातला एक म्हणत होता. फिलाडेल्फियातल्या सभागृहांत जे वकिली भाषेत मांडलं जाणार होतं, ते इथे मग हातात धरून कुणी तरी बोलून गेला होता.

विल्यम्सबर्गची रॅली टॅव्हर्न या कामी सर्वांत नावाजलेली. व्हर्जिनियाचा गव्हर्नर विधिमंडळ बरखास्त करी आणि आमदार रस्ता ओलांडल्यासारखे रॅलीच्या अपोलो दालनात जाऊन बैठक पुढे चालू करत. १७६९ मध्ये असं झालं, तेव्हा इंग्रजी मालावर बहिष्काराचा ठराव झाला. मे १७७४ मध्ये पुन्हा झालं: बॉस्टन बंदर बंद केल्याच्या निषेधार्थ उपवास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला म्हणून गव्हर्नर लॉर्ड डन्मोरने सभा मोडली. दुसऱ्या दिवशी, २७ मे रोजी, ८९ जण अपोलोत जमले आणि सर्व वसाहतींची एकत्र परिषद भरवावी असं त्यांनी ठरवलं. गव्हर्नरच्या हुकमाने सभागृहाला कुलूप लागत होतं, टॅव्हर्नला लागत नव्हतं. त्या परिषदेचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात आले आणि सिटी टॅव्हर्नमध्ये जमले. ५ सप्टेंबर १७७४ च्या सकाळी ते तिथून एकत्र चालत कार्पेंटर्स हॉलकडे गेले. तेरा वर्षांनी, संविधानावर सह्या होण्याच्या तीनच दिवस आधी, याच सिटी टॅव्हर्नमध्ये वॉशिंग्टनच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. ५५ पाहुण्यांच्या बिलात मदेराच्या ५४ बाटल्या, क्लॅरेटच्या ६० आणि पंचचे ७ मोठे वाडगे आहेत.

युद्धाची पहिली गोळीसुद्धा टॅव्हर्नच्या दारापुढे सुटली. १९ एप्रिल १७७५ रोजी मध्यरात्रीनंतर लेक्सिंग्टनचे शेतकरी-शिपाई मैदानाला लागून असलेल्या बकमन टॅव्हर्नमध्ये शेकत, पेंगत वाट पाहत होते. पहाटे ढोल वाजला. मैदानावर कॅप्टन पार्करचे सुमारे ७७ जण उभे राहिले, समोरून इंग्रजांची पलटण आली. त्याच वेळी इंग्रज येत असल्याची खबर घेऊन आलेला पॉल रिव्हिअर आणि आणखी एक जण टॅव्हर्नच्या माडीवरून बंडाचा पुढारी जॉन हॅन्कॉक याची कागदपत्रांची जड पेटी उतरवत होते. खिडकीतून त्यांना शिपाई दिसले. पेटी दोघांत धरून ते आपल्याच माणसांच्या रांगेतून वाट काढत चालले असताना मागे गोळीबार झाला. आठ जण मेले. दुपारी मागे हटणाऱ्या इंग्रजांनी पुढच्याच मन्रो टॅव्हर्नमध्ये आपल्या जखमींना निजवलं.

वंशजांच्या जेवणांत हे प्रसंग येतात आणि यायलाच हवेत. आता त्याच न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या एका टॅव्हर्नकडे जाऊ. तिची पाटी आज कुठे लावलेली नाही.

हडसनच्या काठाला जॉन ह्यूसन आणि त्याची बायको सेरा यांची टॅव्हर्न होती. शहरातली सुमारे एक-पंचमांश माणसं गुलाम होती. मालकाच्या परवानगीवाचून गुलामाला दारू विकायची नाही, तीनपेक्षा जास्त गुलामांनी एकत्र जमायचं नाही, असे कायदे होते. ह्यूसनकडे ते जमत. चोरीचा मालही तिथे खपे. १७४१ च्या वसंतात शहरात एकामागून एक आगी लागल्या, फोर्ट जॉर्ज जळालं आणि शहर भीतीने वेडं झालं. ह्यूसनची सोळा वर्षांची बंधपत्रित मोलकरीण मेरी बर्टन हिने साक्ष दिली की शहर जाळण्याचा कट तिच्या मालकाच्या टेबलावर शिजला. साक्षींत एका मेजवानीचं वर्णन पुन्हा पुन्हा येतं: मांस वाढलेलं, पंच भरलेला, आणि टेबलाभोवती बसलेली काळी माणसं. कट खरा होता की भीतीने रचलेला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. कबुलीजबाब मरणाच्या धाकाने काढलेले होते. पण मला वाटतं, न्यायालयाला ती मेजवानीच सर्वांत जास्त बोचली असावी. तेरा काळ्या माणसांना जिवंत जाळलं, सतरा जणांना फाशी दिलं, सत्तरच्या आसपास लोकांना कॅरिबियनसारख्या ठिकाणी विकून टाकलं. ह्यूसन नवराबायकोसह चार गोऱ्यांनाही फाशी झाली. प्रांताचा सरन्यायाधीश होता जेम्स डी लान्सी. त्याच्या बापाने, स्टीफन डी लान्सीने, १७१९ मध्ये पर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांचं घर बांधलं होतं. तेच घर १७६२ मध्ये सॅम्युअल फ्रॉन्सेसने विकत घेतलं आणि दारावर राणी शार्लटच्या चेहऱ्याची पाटी लावून टॅव्हर्न उघडली.

फ्रॉन्सेस हा या कथेतला मला सर्वांत आवडणारा माणूस. बहुधा वेस्ट इंडीजमधून आलेला, उत्तम आचारी, मिठायांसाठी प्रसिद्ध. लोक त्याला ‘ब्लॅक सॅम’ म्हणत. तो मिश्र वंशाचा होता की नाही याबद्दल मतभेद आहेत, जनगणनेत मात्र त्याची नोंद गोऱ्यांत आहे आणि त्याच्या घरातही गुलाम होता. ऑगस्ट १७७५ मध्ये ‘एशिया’ या युद्धनौकेचा तोफगोळा त्याच्या छपरात घुसला. इंग्रजांनी शहर घेतल्यावर तो न्यू जर्सीत पळाला, पकडला गेला, आणि इंग्रज जनरलच्या घरी स्वयंपाकाला लावला गेला. तिथल्या उरल्यासुरल्या अन्नातून तो अमेरिकन कैद्यांना खायला पोचवी. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने त्याला याबद्दल २०० पौंड दिले. पुढे अध्यक्ष वॉशिंग्टनच्या घरचा तो कारभारी झाला.

निरोपाच्या त्याच वर्षी, १७८३ मध्ये, त्याच्या टॅव्हर्नमध्ये आणखी एक काम चाललं होतं. युद्धात इंग्रजांनी जाहीर केलं होतं की बंडखोर मालकांना सोडून आमच्याकडे येणारा गुलाम मोकळा. हजारो आले. तहात मात्र कलम पडलं की इंग्रजांनी जाताना काळी माणसं किंवा अन्य मालमत्ता नेऊ नये. इंग्रज सेनापती गाय कार्लटनने हे मानलं नाही. दिलेला शब्द मोडणार नाही, म्हणाला. मे महिन्यात दोघे सेनापती भेटले तेव्हा जहाजं आधीच निघू लागलीत हे ऐकून वॉशिंग्टन चकित झाला. आपलेही पळालेले गुलाम सापडतात का, याची चौकशी त्याने पत्राने केलेली होती. वादाचे दावे ऐकायला एक मंडळ नेमलं गेलं आणि ते दर बुधवारी फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये बसू लागलं. मालक यायचा आणि म्हणायचा, ही माझी. बाई म्हणायची, मी अमुक साली इंग्रजांच्या हद्दीत आले. काहींना मोकळीक मिळाली, काहींना परत पाठवलं गेलं. जहाजावर चढणाऱ्यांची नोंद ‘बुक ऑफ नीग्रोज’ या वहीत झाली: नाव, वय, अंगकाठी, पूर्वीचा मालक. अशी सुमारे ३,००० माणसं आहेत. अलीकडे टॅव्हर्नच्या संग्रहालयाने या सुनावण्यांवर प्रदर्शन मांडलं आहे. लाँग रूम पाहायला येणाऱ्याला आता तेही दिसतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

या घराच्या इतिहासात एक दुपारचं जेवण असंही आहे. २४ जानेवारी १९७५, शुक्रवार. ऐन जेवणाच्या वेळी टॅव्हर्नला लागून असलेल्या भागात बॉम्ब फुटला. चार जण ठार झाले, पन्नासहून अधिक जखमी. प्वेर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणाऱ्या एफएएलएन संघटनेने जबाबदारी घेतली. ते बेट १८९८ पासून अमेरिकेच्या अमलाखाली आहे. जेवायला बसलेल्या माणसांना मारणं हे कुठल्याही स्वातंत्र्याचं काम नव्हे, हे निःसंशय. या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता पुन्हा १७८३ च्या त्या वहीकडे. ‘बुक ऑफ नीग्रोज’मध्ये एक नाव हॅरी वॉशिंग्टन असं आहे. गॅम्बियाच्या परिसरात जन्मलेला, विकत घेऊन माउंट व्हर्नन इथे आणलेला, जनरल वॉशिंग्टनच्या मळ्यावरून १७७६ मध्ये पळून इंग्रजांकडे गेलेला. १७८३ च्या जुलैत तो नोव्हा स्कोशियाला जाणाऱ्या जहाजावर होता. तिथली जमीन खडकाळ, हिवाळा जीवघेणा. १७९२ मध्ये सुमारे १,२०० जणांबरोबर तो अटलांटिक ओलांडून आफ्रिकेला परतला आणि सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउन वसवणाऱ्यांत सामील झाला. तिथे वसाहत चालवणाऱ्या कंपनीने वसाहतवाल्यांच्या जमिनीवर कर बसवला. आम्हाला विचारल्याशिवाय कर कसला, म्हणून १८०० मध्ये काही जणांनी एकत्र बसून स्वतःचे कायदे लिहिले आणि दारावर लावले. कंपनीने सैनिक आणून बंड मोडलं. लष्करी न्यायालयाने हॅरी वॉशिंग्टनला नदीपलीकडे बुलमच्या किनाऱ्यावर हद्दपार केलं, आणि तिथल्या हद्दपारांनी त्याला आपला पुढारी निवडलं.